दारातला वरवंटा

"अहो, पुन्हा कुणीतरी आपलं दार लावलं!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"वाऱ्यानं लागलं असेल," गुरुजी खुर्चीतून म्हणाले.

"वारा काय वरवंटा उचलून आत ठेवतो? आणि तोही भिंतीशी, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून?"

गुरुजींनी उठून दार उघडलं, भिंतीशी सरळ उभा करून ठेवलेला वरवंटा उचलला आणि पुन्हा दाराच्या फटीत आडवा घातला.

या वरवंट्याची गोष्ट आधी सांगायला हवी. गुरुजींनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवला. निवृत्त झाले, हार-नारळ झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात रोज सकाळी शाळेच्या वेळेला ते उगाचच कपडे घालून तयार व्हायला लागले. अशात परदेशातून एक निरोप आला. तिकडे आपली बरीच माणसं कामाला आहेत, त्यांच्या लहान मुलांना आपली भाषा लिहाय-वाचायला शिकवायची आहे, याल का? गुरुजी पाऊल उचलूनच बसले होते. काकू मात्र रडत रडत सामान बांधू लागल्या, आणि त्या सामानात त्यांनी पाटा-वरवंटाही बांधला. सामानाचं वजन मर्यादेबाहेर गेलं, तेव्हा पाटा जाऊबाईंकडे राहिला आणि वरवंटा तेवढा आला. विमानतळावरच्या तपासनिसानं तो दगड दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला, मग काकूंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता परत दिला.

आता पाट्याशिवाय वरवंट्यानं करायचं काय? तर काकूंनी त्याला दाराशी बसवला. या इमारतीतली दारं आपली आपण लागत. वर एक लोखंडी हात बसवलेला असे. माणसानं दार सोडलं, की तो हळूच ओढून घेई आणि 'खट्' असा आवाज होई. एकदा खट् झालं, की बाहेरच्याला किल्लीशिवाय आत येणं नाही.

"दार कसं लोटलेलं असावं," काकू म्हणत. "येणाऱ्याला वाटलं पाहिजे की यावं. आपल्याकडे कधी कुणी घंटी वाजवून आलंय का? आधी हाक येते, मग माणूस येतो, आणि मग घरातल्याला कळतं."

पण इथं दोन महिने दार उघडं राहूनही कुणी आलं नव्हतं. उलट जाता-येता कुणीतरी भला माणूस ते लावून घेत होता.

शेजारी नव्हते असं नाही. काकूंना ते आवाजानं माहीत होते. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ खोकत, ते खोकलेकाका. जिना वाजवत उंच टाचांनी बँकेत जाणारी ती टकटकबाई. समोर एक नर्स राहायची. तिच्या कामाच्या वेळा उलट्यापालट्या, त्यामुळे ती कधी दिसेल याचा नेम नसे. तळमजल्यावर एक बसड्रायव्हर, त्याची बायको आणि एक चिमुरडी. सगळे भेटले की हसत आणि पुढे जात. हसून पुढे जाणारा माणूस काकूंना रागावून पुढे जाणाऱ्यापेक्षा जास्त लागे.

अशात मोठी सुट्टी लागली. गुरुजींची शाळा बंद झाली, रस्ते रिकामे व्हायला लागले. काकूंनी घरी फोन लावला. तिकडेही सुट्टी, सगळे जमलेले. फोन लेकीकडून जाऊबाईंकडे, जाऊबाईंकडून नणंदेकडे असा फिरला. प्रत्येकानं "जेवलात का?" एवढं विचारलं आणि पुढच्याच्या हातात दिला. शेवटी कुणीतरी तो फळीवर टेकवून ठेवला आणि विसरून गेलं. काकूंना दिसत होतं ते फक्त घराचं छत. भांड्यांचे आवाज, पोरांची भांडणं, कुणाचं तरी मोठ्यानं हसणं, सगळं ऐकू येत होतं, आणि काकू छताकडे बघत बसल्या होत्या.

"ठेव की आता," गुरुजी हळूच म्हणाले.

"कोपऱ्यात जाळं धरलंय," काकू म्हणाल्या. "कुणाचं लक्ष नाही." मग पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हे बघा, सुट्टी संपली की माझं तिकीट काढा. तुम्ही शिकवा तुमच्या पोरांना. मी जाते."

तिकिटाचं ऑफिसही सुट्टीसाठी बंद होतं. ते उघडेपर्यंत तरी काकू जाणार नव्हत्या. गुरुजींच्या हातात होते ते तेवढेच दिवस.

आणि त्याच संध्याकाळी दारावरची घंटी वाजली. दोन महिन्यांत पहिल्यांदा! समोरची नर्स होती. इथं सगळे एकमेकांशी अशा भाषेत बोलत, जी बोलणाऱ्यालाही धड येत नसे आणि ऐकणाऱ्यालाही. त्यामुळे कुणालाच कुणाची लाज वाटत नसे.

"मी उद्या घरी चाललेय, माझ्या आईकडे," ती म्हणाली. "झाडांना पाणी घालाल का? ही किल्ली. एकच आहे, सांभाळा हं."

गुरुजींच्या डोक्यात दिवा पेटला. माणसांचं येणं-जाणं व्हायचं तर निमित्त लागतं. निमित्त तर चालून आलं होतं! ते किल्ली खिशात टाकून तसेच जिना चढले. खोकलेकाकांचं दार ठोठावून म्हणाले, "तुमच्या झाडांचं काय?" मग टकटकबाईंकडे गेले, मग तळमजल्यावर. पहिलीच्या वर्गात सहलीला कोण कोण येणार हे विचारावं, तसं त्यांनी इमारतभर विचारलं. सगळे त्याच विवंचनेत होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सगळ्यांच्या एकुलत्या एक किल्ल्यांचा, सुतळीत ओवलेला जुडगा होता.

"हे काय आणलंत?" काकू म्हणाल्या.

"शेजार!" गुरुजी म्हणाले.

"शेजार माणसांचा असतो. ही माणसं तर चालली."

"परत येणार आहेत ना! परत येणारा माणूसच मागे कुंडी ठेवून जातो. कायमचा जाणारा कशाला ठेवेल?"

दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी झाल्यावर काकूंनी स्पष्ट सांगितलं, "घरात माणूस नसताना मी परक्याच्या घरात पाऊल टाकायची नाही. आणि तुम्हीही रोज उठून चार घरं उघडत फिरायचं नाही. लोक काय म्हणतील?"

"इमारतीत लोक आहेतच कुठे?"

"आपण आहोत ना! आपणच म्हणू!"

मग असं ठरलं, की सगळ्या कुंड्या एकदाच आपल्या घरी आणायच्या. काकू प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि पाठीनं दार थोपवून धरलं. गुरुजी आतून एकेक कुंडी आणून त्यांच्या हातात देत गेले. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुंड्या सगळ्या सारख्याच, तांबूस, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या.

आता कोणती कुणाची हे कळायला हवं. गुरुजींनी कपाटातून खडूची पेटी काढली. हो, ती त्यांनी तिकडून आणली होती. इथले खडू हातात बसत नाहीत, असं त्यांचं मत होतं. नर्सच्या कुंड्यांची झाली अ तुकडी. खोकलेकाकांच्या ब, टकटकबाईंच्या क, ड्रायव्हरच्या ड. प्रत्येक कुंडीवर तुकडी आणि हजेरी क्रमांक, वळणदार अक्षरात. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. खिडकी एकच, म्हणून रोज सकाळी एक ओळ खिडकीशी सरकवायची आणि आधीची मागे न्यायची.

"बाकं बदलली की मुलांची भांडणं होत नाहीत," गुरुजी म्हणाले.

क तुकडीतल्या एका रोपावर त्यांचा विशेष जीव जडला. त्याचं एकही पान पिवळं पडत नव्हतं, मान कधी खाली जात नव्हती. "याला म्हणतात शिस्त!" ते बाकीच्यांना सांगत. "बघा जरा याच्याकडे."

काकूंनी सुरुवातीला नुसतं पाणी घातलं. मग एकदा गुरुजी आंघोळीला गेले असताना त्यांना बाहेरून आवाज ऐकू आला. "का गं, मान का टाकलीस? घरची आठवण येते? येणारच. पण खाणं-पिणं सोडून कसं चालेल?" गुरुजी बादलीतलं पाणी निवेपर्यंत तसेच उभे राहिले.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला, तर काकू म्हणाल्या, "थांब गं, एकाला सावलीत न्यायचंय, भाजून निघालंय बिचारं." आणि फोन फळीवर टेकवून गेल्या. लेक बराच वेळ इकडचं छत बघत बसली.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेल्या गोष्टीची पुढे गोष्ट होत नाही. मंडळी परत यायच्या आदल्या दिवशी गुरुजी बाजारात गेले. काकूंनी कुंड्यांकडे पाहिलं. पानांवर धूळ, कुंड्यांना मातीचे ओघळ. उद्या यांची माणसं येणार आणि पोरं अशी पारोशी! काकूंनी पदर खोचला, एकेक कुंडी न्हाणीघरात नेली आणि सगळ्यांना डोक्यावरून आंघोळ घातली. कुंड्याही घासल्या. चांगल्या काथ्यानं.

गुरुजी पिशव्या घेऊन आले आणि दारातच थबकले.

"यांचे क्रमांक कुठे गेले?"

"कसले क्रमांक?"

"खडूचे! अ तुकडी, ब तुकडी!"

काकूंनी न्हाणीघराच्या मोरीकडे पाहिलं. "गेले," त्या म्हणाल्या.

"अगं, आता कोणाचं मूल कोणाचं कसं कळणार? रोज बाकं बदलली आहेत, जागेवरून ओळखावं तर तेही नाही! उद्या ती माणसं विश्वासानं येतील आणि आपण काय सांगणार? निवडून घ्या?"

"अहो, ऐका तर जरा—"

"थांब, थांब. हा पद्धतीचा प्रश्न आहे. मला विचार करू दे."

गुरुजींनी येरझाऱ्या घालत विचार केला आणि त्यांना युक्ती सापडली. प्रत्येक घराच्या खिडकीत कुंडीच्या बुडाचे गोल डाग पडलेले असणार. कुंडी नेऊन डागावर ठेवायची. बसली बरोबर, तर तिथली!

"अहो, पण माझं—" काकू म्हणाल्या. तोवर गुरुजी एका हातात कुंडी आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन समोरच्या घरात शिरलेही होते.

नर्सच्या खिडकीत डाग होतेच. गुरुजींनी जुडगा तिथंच ठेवला आणि कुंडी पहिल्या डागावर टेकवली. बरोबर बसली. दुसऱ्या डागावर टेकवली, बरोबर बसली. सगळ्याच डागांवर ती बरोबर बसली. आधीच सांगितलं ना, कुंड्या सगळ्या एकाच दुकानातल्या होत्या. गुरुजी कपाळाला हात लावून कुंडीसकट बाहेर आले.

मागे आवाज झाला. खट्.

पहिल्या दिवशी दार थोपवायला काकूंची पाठ होती. आज ती नव्हती. गुरुजींनी वळून दाराकडे पाहिलं. मग खिसे चाचपले. मग पुन्हा दाराकडे पाहिलं, एखादा हट्टी मुलगा बोलतच नाही म्हटल्यावर पाहावं तसं. आयुष्यात त्यांनी कितीतरी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज ते स्वतः उभे होते, हातात कुंडी धरून, आणि चार घरांच्या किल्ल्या पाचव्या माणसाला मिळणार नाहीत अशा जागी सुरक्षित होत्या.

किल्ल्या बनवणाऱ्याला फोन लावला. "मीपण गावी आहे," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी परत येतोय. थेट तुमच्याकडेच येतो."

"पण माणसं दुपारी येणार!"

"मग त्यांना चहा द्या," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिली आली नर्स. गुरुजी जिन्यातच उभे होते, गृहपाठ न केलेल्या पोरासारखे.

"माझी किल्ली?"

"आहे. अगदी सुरक्षित आहे," गुरुजी म्हणाले. "तुमच्याच घरात."

मागोमाग ड्रायव्हर आला. पाठीवर पोतं, बायकोच्या खांद्यावर झोपलेली चिमुरडी. मग टकटकबाई आल्या, पण टाचांचा आवाज न करता. प्रवासात त्यांनी साध्या चपला घातल्या होत्या, त्यामुळे काकूंनी त्यांना ओळखलंच नाही. सगळ्यात शेवटी खोकलेकाका. त्यांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली, मग खोकायला लागले. बऱ्याच वेळानं सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते हसताहेत.

"सगळ्यांच्या?" ते म्हणाले. "एकाच जुडग्यात?"

"हरवू नयेत म्हणून," गुरुजी पुटपुटले.

"अहो, सगळ्यांना असं जिन्यात काय उभं केलंय?" काकू दारातून म्हणाल्या. "आत या म्हणावं. ती पोर कधीची अवघडलीय, द्या इकडे."

आणि चिमुरडी काकूंच्या खांद्यावर आली. इतक्या दिवसांनी खांद्यावर आलेलं ते वजन. काकू नुसत्या थोपटत राहिल्या.

माणसं आत आली, कुंड्यांच्या मधून वाट काढत बसली. काकूंनी चहाचं मोठं पातेलं ठेवलं, जे या देशात आल्यापासून खाली काढलं नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. काकूंना वाटलं, रागावलेत. मग त्यांनी चहा देता देता एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हा चेहरा त्यांना चांगला ओळखीचा वाटला. रोज आरशात दिसायचा. ही सगळी नुकतीच आपापल्या घरून निघून आलेली माणसं होती. नर्सच्या पिशवीतल्या डब्याला कुणीतरी दहादा गाठी मारून दोरी बांधली होती. वाटेत सांडू नये म्हणून अशा गाठी फक्त आईच मारते.

"आईनं दिलंय?" काकूंनी विचारलं.

नर्सनं मान हलवली. "नको नको म्हणत होते. जड होतं." आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"जड तर जड. आमच्याकडून तर दगड आणलाय आम्ही!" काकू म्हणाल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. वरवंट्याची हकिकत ऐकून नर्स रडता रडता हसायला लागली. गाठी सुटल्या. मग ड्रायव्हरचं पोतं सुटलं, टकटकबाईंची पेटी उघडली. ज्याच्या त्याच्या घरचं खाणं दुसऱ्याच्या हातात गेलं आणि एकच गलका झाला.

"तो दगड!" खोकलेकाका मध्येच म्हणाले. "तो दाराला लावायला आणलाय? मला वाटायचं, तुम्ही नवीन आहात, दार लावायला विसरता. रोज मी तो आत ठेवून दार लावून घ्यायचो. म्हटलं, चोरबीर शिरला तर?"

"म्हणजे ते तुम्ही होय!" काकू एक हात कमरेवर ठेवून म्हणाल्या. "अहो, मी रोज उघडं ठेवत होते ते तुम्ही यावं म्हणून!"

खोकलेकाका पुन्हा खोकले. या वेळी मात्र हसले नव्हते.

किल्लीवाला संध्याकाळी आला. आधी चहा प्यायला, मग समोरचं दार क्षणात उघडून दिलं. जुडगा आला, किल्ल्या वाटल्या गेल्या. तरी कुणी उठेना. शेवटी टकटकबाई म्हणाल्या, "चला. आमची झाडंही घेऊन जातो."

गुरुजींनी घसा साफ केला. "त्याबद्दल मला एक सांगायचंय—"

"ही तुमची," काकू म्हणाल्या आणि एक कुंडी टकटकबाईंच्या हातात दिली. "हीपण. ही वाकडी ड्रायव्हरदादांची, हिला डावीकडून ऊन लागतं. ही रुसकी काकांची. या तिघी तुझ्या गं. यातली मधली पाणी फार पिते, आईवेडी आहे." बघता बघता खोली रिकामी व्हायला लागली.

गुरुजी आ वासून बघत होते. "तुला... तुला ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं? प्रत्येक कुंडी तुम्ही माझ्याच हातात दिलीत की."

"मग काल बोलली का नाहीस?"

"दोनदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, पद्धतीचा प्रश्न आहे."

"पण एवढ्या कुंड्या ओळखल्यास कशा?"

"तुम्ही क्रमांक लक्षात ठेवता," काकू म्हणाल्या. "मी तोंडं."

गुरुजींनी उरलीसुरली लाज राखायला क तुकडीतलं ते आदर्श रोप उचललं आणि टकटकबाईंना म्हणाले, "सगळ्यात गुणी विद्यार्थी तुमचा हा. कधी कुरकुर नाही. मी याला रोज पहिलं पाणी घालायचो."

टकटकबाईंनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "पाणी? अहो, ते प्लास्टिकचं आहे."

त्या हशात चिमुरडी जागी झाली आणि काकूंच्या खांद्यावरून उतरायला तयार होईना. तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोनं आपली एक कुंडी तिथंच ठेवली. "ही राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "आमच्याकडे कधी हिला कळी नव्हती, इथं आलीय बघा. आम्ही येऊ बघायला."

सगळे गेले. खोकलेकाका शेवटी निघाले. त्यांनी बाहेर पडून दार सोडलं, आणि ते लागायला लागलं तसे मागे वळले. वाकून वरवंटा उचलला, फटीत आडवा घातला, बसला की नाही ते हलवून पाहिलं, आणि जिना चढून गेले.

खोलीत ती एकटी कुंडी उरली होती. गुरुजी तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "उद्या तिकिटाचं ऑफिस उघडतंय."

"हो," काकू कपबशा विसळत म्हणाल्या. "उद्या नको पण. उद्या ती नर्स रात्रपाळीहून येणार, तिला जेवायला सांगितलंय. पुढच्या सुट्टीचं काढा. दोघांचं. जायचं आणि यायचं."

गुरुजींनी एक कप पुसायला घेतला. बोललं, की बिघडतं, एवढं शहाणपण त्यांना कालपासून आलं होतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. कुंडीतली माती बोटानं चाचपून त्यांनी ती खिडकीशी सरकवली.

"पण मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "आपण गेल्यावर हिला ठेवायची कुणाकडे? काकांकडे नको. ते दार लावून घेतात."